गेलेल्या गड्याची भरपाई

२०२५च्या रणजी अंतिम सामन्यात, नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर, विदर्भाचा करुण नायर १३५ धावांवर यष्टिचीत झाला. गोलंदाज होता केरळचा आदित्य सरवटे. धावफलकावर ही एवढीच नोंद आहे. पण विदर्भाकडून खेळणारा करुण मूळचा कर्नाटकाचा आणि त्याला बाद करणारा सरवटे आमच्या नागपूरचा. सहाच वर्षांपूर्वी, २०१९च्या फेब्रुवारीत, याच मैदानावर याच सरवटेनं सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन विदर्भाला सलग दुसरा रणजी करंडक मिळवून दिला होता. चेतेश्वर पुजाराला त्यानं दोन्ही डावांत बाद केलं होतं. आता तोच केरळची टोपी घालून समोर उभा होता, आणि पहिल्या डावात त्यानं ७९ धावाही काढल्या होत्या.

माझा भाचा डॅलसला असतो. त्याची मुलं तिथंच वाढली, अमेरिकन फुटबॉलवर पोसली. त्या अंतिम सामन्याच्या वेळी फोनवर मी त्याला हे सगळं सांगत होतो, तर त्यानं सहज विचारलं, "मामा, मग सरवटेच्या बदल्यात विदर्भाला काय मिळालं?" मी म्हणालो, काही नाही, काय मिळायचं? त्याला ते खरंच वाटेना. त्याच्या गावच्या खेळात संघाचा माणूस दुसरीकडं गेला की पुढच्या वर्षी त्याचा मोबदला नेमानं येतो, तोही पैशात नव्हे, नव्या पोराच्या रूपानं. त्या प्रश्नामुळं मी तिथला नियम नीट समजून घेतला. यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या क्रीडाप्रेमी माणसानं तो समजून घ्यावा असा आहे.

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाला एक निवड. आदल्या मोसमात जो तळाला राहिला तो पहिला उचलतो, जो जिंकला तो शेवटी. लिलाव नाही, बोली नाही, पाळीपाळीनं नावं उचलायची. त्यामुळं तिथं 'निवड' ही एक मालमत्ताच असते. ती संघ एकमेकांना देतात, बदलून घेतात, साठवतात.

दुसरीकडं, ज्या खेळाडूची किमान चार मोसम सेवा झाली आणि करार संपला, तो मोकळा होतो. मार्च महिन्यात त्यानं हव्या त्या संघाशी करार करावा. यालाच तिथं फ्री एजंट म्हणतात. ज्या संघानं त्याला चार वर्षं घडवलं त्याच्या हातात मग काय उरतं, हा प्रश्न तिथंही होताच. तो सुटायला तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांतला झगडा मला नियमापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

१९६३ साली लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम आला. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर नेणाऱ्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही तर आयुक्त ठरवतील ते खेळाडू किंवा त्या निवडी द्याव्या लागतील. वरवर पाहता रास्त. प्रत्यक्षात काय झालं? एक माणूस घेतला तर बदल्यात आपले कोणते दोन जातील याचा भरवसा नाही, म्हणून कोणी कोणाला घेईना. खेळाडू कागदावर मोकळा आणि व्यवहारात बांधलेला. बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी आणि त्याचे सहकारी न्यायालयात गेले आणि १९७६ साली अपील न्यायालयानं हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. तरी पुढच्या वर्षीच्या करारात नेणाऱ्यानंच भरपाई द्यायची ही कल्पना वेगळ्या रूपात राहिलीच. शेवटी आणखी खटले झाले, १९९२ साली ज्यूरीनं खेळाडूंच्या बाजूनं कौल दिला आणि १९९३च्या सामूहिक करारात खरी मोकळीक आली. तिच्याबरोबरच भरपाईच्या निवडींची आजची पद्धत आली.

फरक एवढाच, पण मुळावरचा: भरपाई आता नेणाऱ्याच्या खिशातून जात नाही. ती लीगच्या सामाईक परडीतून येते. नियमित निवडींच्या वर जास्तीत जास्त ३२ जादा निवडी तयार करायच्या आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना वाटायच्या. नेणाऱ्याला भीती नाही, जाणाऱ्याच्या पायात बेडी नाही, आणि घडवणाऱ्याच्या ओंजळीत काहीतरी पडतं.

वाटायच्या कशा? इथं हिशेब निव्वळ नुकसानाचा आहे. तुमचे चार मोकळे खेळाडू गेले आणि तुम्ही बाहेरून चार आणले, तर साधारणपणे फिटंफाट. आलेला प्रत्येक खेळाडू त्याच्या तोलामोलाच्या गेलेल्या खेळाडूला खोडतो. जे खोडले जात नाहीत त्यांच्यासाठी निवड मिळते. तोलमोल ठरतो तो मुख्यतः नव्या करारातल्या पगारावरून. शिवाय तो खेळाडू नव्या संघात किती खेळला आणि मोसमाअखेर त्याला कोणते सन्मान मिळाले हेही धरतात. त्यानुसार जादा निवड तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी बसते. पहिल्या दोन फेऱ्यांत कधीच नाही. एका संघाला साधारणपणे चारपेक्षा जास्त मिळत नाहीत. आणि सगळं एक वर्ष उशिरानं, कारण गेलेला खेळाडू तिकडं कसा खेळला हे पाहायला मोसम संपावा लागतो. हिशेबाचं नेमकं सूत्र लीग जाहीर करत नाही. मला हे पटत नाही. ज्या सूत्रावर संघांचं भवितव्य ठरतं ते भिंतीवर चिकटवलेलं असावं.

आणखी दोन बारकावे महत्त्वाचे. संघानं स्वतःच काढून टाकलेला खेळाडू या हिशेबात येत नाही. ना गेल्याबद्दल भरपाई, ना घेतल्याबद्दल वजावट. आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर झालेला करारही धरत नाहीत. यावर हुशार संघांनी आपलं अख्खं धोरण बेतलं. बाल्टिमोर रेव्हन्स या संघानं ऑझी न्यूसम व्यवस्थापक असताना ही पद्धत अंगी बाणवली: आपला चांगला गडी महाग झाला तर जाऊ द्यायचा, बाजारात गर्दी असताना हात आखडता घ्यायचा, घ्यायचेच तर काढून टाकलेले किंवा मुदतीनंतर उरलेले घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी जादा निवडींवर कोवळी पोरं उचलायची. ही पद्धत सुरू झाल्यापासून सर्वाधिक भरपाईच्या निवडी मिळवणारा संघ तोच.

या उशिराच्या निवडींतून मिळतं काय, असं वाटेल. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सनं सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर, टॉम ब्रेडी नावाचा सडपातळ मुलगा उचलला. ती निवड भरपाईची होती. त्यानं त्या संघाला सहा सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून दिले, आणि २०२० साली मोकळा होऊन टॅम्पा बेला गेला तिथं सातवा जिंकला. माझ्या भाच्याच्या डॅलसचा डॅक प्रेस्कॉट २०१६ साली चौथ्या फेरीत १३५व्या क्रमांकावर आला, तोही भरपाईच्या निवडीवर. हे अपवाद आहेत हे मला माहीत आहे. अशा बहुतेक निवडींची नावं दोन वर्षांत विसरली जातात. पण संघाच्या हाती दरवाजा उघडण्याची एक जादा संधी येते, हे खरं.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. ड्राफ्टचा मूळ हेतू दुबळ्याला बळ देण्याचा. पण भरपाई मिळते ती ज्यांच्याकडं जाण्याजोगे चांगले खेळाडू आहेत त्यांना, म्हणजे बहुधा चांगल्या चाललेल्या घरांना. तळाचा संघ बाजारातून माणसं विकत घेतो आणि वजावटीत सगळं गमावतो. मला वाटतं, हा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. घडवणाऱ्याला मोबदला द्यायचा म्हटलं की जो जास्त घडवतो त्याला जास्त मिळणार. तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची निवड वेगळी मिळतेच.

युरोपातल्या फुटबॉलनं वेगळी वाट धरली. १९९५ साली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्यावर बंदी आणली. मग लहान क्लब कसे जगणार? २००१ पासून फिफानं प्रशिक्षणाची भरपाई ठरवली, आणि कराराच्या मध्येच खेळाडू विकला गेला तर रकमेतले ५ टक्के, तो वयाच्या १२ ते २३ या काळात जिथं जिथं वाढला त्या सगळ्या क्लबांना वाटून द्यायचे असा नियम केला. बाराव्या वर्षी ज्याच्या मैदानावर तो धावला त्या क्लबाचंही नाव हिशेबात येतं. अमेरिकन पद्धतीत हे नाही. तिथं लीगमध्ये येण्याआधीचं कोणी मोजत नाही.

आता आपल्याकडं या. आयपीएलच्या महालिलावात संघाचा खेळाडू दुसऱ्यानं नेला तर जुन्या संघाला भरपाई नाही. त्याच्या पगाराएवढी जागा पुन्हा थैलीत येते, तेवढंच. परदेशी खेळाडूच्या बाबतीत मात्र त्याच्या देशाच्या मंडळाला त्याच्या मानधनाच्या काही टक्के रक्कम दिली जाते. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मुलगा खेळला तर त्याला घडवणाऱ्या मंडळाची आठवण ठेवायची हे आपल्याला मान्य आहे. अमरावतीचा जितेश शर्मा २०२४च्या लिलावात ११ कोटींना गेला. त्या रकमेशी जोडलेला असा वाटा त्याला घडवणाऱ्या संघटनेच्या नावावर येत नाही. राज्य संघटनांना भारतीय क्रिकेट मंडळाकडून अनुदान मिळतं, आणि ते पुष्कळ असतं, हे नाकारता येणार नाही. पण कोणी किती खेळाडू घडवून दिले याच्याशी त्याचं नातं नाही.

रणजीचा मामला त्याहून जुना. दुसऱ्या राज्यात खेळायचं तर आपल्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मिळालं की खेळाडू पाहुणा म्हणून जातो आणि नवी संघटना त्याला मानधन देते. जुन्या संघटनेच्या हाती फक्त सहीची सत्ता: हरकत आहे किंवा नाही. रोझेलच्या काळातली बेडी आणि पूर्ण मोकळीक यांच्या अधेमध्ये कुठंतरी आपण उभे आहोत. २०२५च्या एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडं जायला प्रमाणपत्र मागितलं आणि मग परत मागं घेतलं, तेव्हा दोन्ही संघटनांची किती धावपळ झाली ते आपण पाहिलं. अर्जुन तेंडुलकर २०२२ साली मुंबईहून गोव्याला गेला आणि रणजी पदार्पणातच शतक ठोकलं. २०२५ साली पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडं आला. यांतल्या कुठल्याच जाण्यायेण्याची कोणी वजाबाकी मांडत नाही.

विदर्भाची मांडू. विदर्भ रणजी खेळू लागला १९५७-५८च्या मोसमात आणि पहिला करंडक आला २०१७-१८ साली, साठ वर्षांनी. त्या संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकाचा गणेश सतीश होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचे. म्हणजे आमच्या पहिल्या यशात बाहेरून आलेल्यांचा वाटा होता, आणि त्यांच्या मूळ घरांना आम्ही काही दिलं नाही. पुढच्या मोसमात जाफरनं हजाराहून अधिक धावा केल्या. २०२३ साली कर्नाटकानं दूर सारलेला करुण नायर आला, दिल्लीचा ध्रुव शोरी आला. करुणनं २०२४-२५च्या मोसमात रणजीत ८६३ धावा काढल्या, विजय हजारे करंडकात ७७९. योग असा की त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विदर्भाला हरवलं ते त्याच्याच जुन्या कर्नाटकानं.

आता दुसरी बाजू. २०२४ साली सरवटे केरळला गेला. त्याच सुमारास रजनीश गुरबाणी महाराष्ट्राकडं गेला, तोच, ज्यानं इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेऊन पहिला करंडक आमच्या दारी आणला होता. २०२५ साली जितेश शर्मा बडोद्याला गेला आणि करुण आपल्या कर्नाटकात परतला. विदर्भात पुन्हा उभा राहिलेला हा फलंदाज आठ वर्षांनी भारताकडून कसोटी खेळला आणि मग घरी गेला. त्यानं जायलाच हवं होतं, यात माझी तक्रार नाही. अमेरिकेचा हिशेब लावला तर २०२३ साली दिल्लीच्या बाजूनं काहीतरी जमा झालं असतं आणि २०२४ व २०२५ साली विदर्भाच्या बाजूनं. आज सगळ्यांच्या वहीत शून्य आहे.

तरीही विदर्भाला भरपाई मिळाली, आणि ती कुठल्या नियमानं नव्हे. सरवटे गेला म्हणून डावखुऱ्या फिरकीची जागा रिकामी झाली. त्या जागेवर बावीस वर्षांचा हर्ष दुबे पूर्ण मोसम खेळला आणि त्यानं ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी आजवर कोणी घेतलेले नव्हते. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पार्थ रेखडे या नव्या डावखुऱ्या फिरकीपटूनं एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं. अंतिम सामन्यात पहिल्याच मोसमातल्या दानिश मालेवारनं १५३ धावा काढल्या. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळनं ३४२ धावांनी उत्तर दिलं, आणि ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक आमचा झाला. सरवटे विदर्भातच राहिला असता तर हर्ष दुबेला एवढी षटकं मिळाली असती का? मला शंका आहे.

अमेरिकेचा नियमही नेमकं हेच सांगतो. गेलेल्याच्या जागी लगेच दुसरं मोठं नाव आणलंस तर वजावट होईल. जागा राखलीस तर तिथं पोरगा येईल. विदर्भानं २०२४ साली फिरकीची जागा राखली. पण असं दर वेळी व्हायचं तर ते निवड समितीच्या भल्या बुद्धीवर सोडून चालणार नाही. पाहुण्यांवर तीनची मर्यादा आहे, तरी संघातल्या तीन जागा म्हणजे थोड्या नव्हेत.

आणि मग आमचं यवतमाळ. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतला एक, सोळा तालुक्यांचा, कापसाचा. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा. कुठल्याही तालुक्याला जा, उन्हाळ्यात कापणी झालेल्या वावरात आणि शाळेच्या पटांगणात टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगलेल्या दिसतात, कबड्डीची मैदानं आखलेली दिसतात. यातला एखादा मुलगा खरंच चांगला निघाला की त्याला नागपूर गाठावं लागतं, पहाटेच्या एसटीनं, जवळपास दीडशे किलोमीटर. निवड झाली तर तो तिथं खोली घेऊन राहतो, तिथल्या क्लबात नाव घालतो, आणि पुढं यादीत त्याच्या नावापुढं नागपूर लागतं. बापानं कापूस विकून बॅट आणलेली असते. शाळेतल्या सरांनी सुटीच्या दिवशी जाळं बांधलेलं असतं. जिथं पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण आमच्या कापसाला लागू आहे तशी आमच्या पोरांनाही.

जिल्ह्यातून विभागाकडं, विभागातून दुसऱ्या राज्याकडं, राज्यातून आयपीएलकडं: वर जाताना प्रत्येक पायरीवर कोणीतरी घडवतो आणि कोणीतरी नेतो. पायरी जितकी खालची तितका घडवणारा गरीब. म्हणून मला अमेरिकेचं सूत्र आणि फिफाचं सूत्र दोन्ही एकत्र हवीत. अमेरिकेकडून घ्यायचं ते हे की भरपाई सामाईक परडीतून द्यावी, नेणाऱ्याकडून वसूल करू नये, म्हणजे कोणाही पोराचं पाऊल अडणार नाही. आणि निव्वळ नुकसान मोजावं, म्हणजे एका हातानं पाहुणे घेणारा दुसऱ्या हातानं रडणार नाही. फिफाकडून घ्यायचं ते हे की हिशेब बाराव्या वर्षापासून सुरू व्हावा. आणि भरपाई शक्यतो पैशात देऊ नये, संधीत द्यावी: जिल्ह्याला एक टर्फची खेळपट्टी, एक वर्षभराचा प्रशिक्षक, सोळा वर्षांखालच्या आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलांना जादा सामने, निवड चाचणीत राखीव जागा. पैसा दिला तर तो कचेरीच्या रंगरंगोटीत जिरतो.

भारतीय क्रिकेट मंडळाकडं यासाठी पैसा नाही असं कोणी म्हणणार नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेनं तर मंडळाची वाट पाहण्याचंही कारण नाही. अकरा जिल्ह्यांपुरती ही वही ती उद्यापासून ठेवू शकते. माझी मागणी फार लहान आहे. ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जात, आणि संघात नाव घालण्याच्या अर्जातही, एक रकाना वाढवावा: हा खेळाडू बाराव्या वर्षी कोणत्या गावात, कोणत्या मैदानावर खेळत होता. तो रकाना भरायला लागा. भरपाई कोणाची आणि किती, ते त्यानंतर ठरवता येईल.